रूथची म्हैस

दुखऱ्या पायाला पट्टी बांधून घ्यायला राहू गावाहून आलेली गिताबाई दौंडच्या दवाखान्यात बाकावर बसली होती. शेजारी एक ख्रिस्ती म्हातारा-म्हातारी दबक्या आवाजात बोलत होती. समोर त्यांची नात रूथ फरशीवर चिंचोके मांडत होती.

“पिसाळलेलं कुत्रं येकच. म्हशीला चावलं आन् हिला बी. म्हस काल गेली,” म्हातारी म्हणाली.

“म्हशीला कुठं इंजेक्शनं दिली आपण? रूथला पोटातलं आज सातवं हाय.”

“पर तुमीच वाचलं न्हवं का बायबलात? जनावर मरतं तसंच माणूस मरतं, दोघांचा स्वास येकच?”

“वाचलं.”

“मग?”

“म्होरं बी लिवलंय. माणसाचा जीव वर जातो आन् जनावराचा खाली, हे कुणाला ठाव?”

“देवाच्या पुस्तकात ‘कुणाला ठाव’?”

“व्हय.”

“पोर सकाळधरनं इचारतीया, म्हस कुठं गेली. काय सांगू?”

“सांग, देवाकडं.”

“आन् ती म्हणली, मला बी तिच्याकडं जायचंय, तर?”



“रूथ!” आतून नर्सबाईंनी हाक मारली.

दोघंही उठेनात. गिताबाईनं दुखरा पाय खाली टेकवला आणि पोरीपुढं हात केला.

“चल बाय, मी येते संगं.”