मढच्या वकिलातीचा शिक्का

हसू नका, पण आमच्या मढमध्ये महिनाभर परदेशी वकिलात होती. बंगला एका शेठचा. शेठ गेल्यावर त्याची पोरं तो शूटिंगला द्यायला लागली. बंगला कोर्ट झाला, जेल झाला, आणि मग दारावर झेंडा लावून वकिलात झाला.

होडी विकून वॉचमन झालेला धर्मा नाखवा तिथेच गेटवर. त्याची पोरगी परदेशात, पहिलं बाळंतपण, आई नाही. एक दिवस खऱ्या वकिलातीने त्याला व्हिसा नाकारून पासपोर्ट परत पाठवला. म्हटलं, जरा हसवू या. टेबलामागे व्हिसा ऑफिसर बनून बसलेल्या नटाकडून धर्माच्या पासपोर्टवर व्हिसाचा खोटा शिक्का मारून घेतला आणि धर्माच्याच फोनवरून पोरीला फोटो टाकला.

"नाखवा, झालं तुझं काम."

धर्मा हसला. "येड्या, पासपोर्टची पण वाट लावलीस ना रे."

तेवढ्यात पोरीचं उत्तर आलं, "बाबा, आता मला भीती नाही वाटत."

धर्माने फोन माझ्या हातात दिला. "तूच सांग तिला."

मस्करीत आजवर मी कुणाला सोडलं नाही, तुम्हालाही नाही. पण संध्याकाळी शूटिंगवाले झेंडा उतरवून गेले, तरी मी पायरीवर फोन घेऊन, 'बाळा' एवढंच टाइप करून बसलो होतो.