डबे काही थांबत नाहीत

...नाही, मी म्हणतो, थांबत नाही म्हणजे काय? तुम्हाला सांगतो, चोवीस वर्षं त्या रिसॉर्टची बस चालवली मी, हॉटेलपासून थीम पार्कच्या फाटकापर्यंत, आणि चोवीस वर्षांत एकदा, एकदा तरी कुणाला मागे टाकून गेलो असेन तर सांगा! एका काखेत मूल, हातात त्याचा एक बूट, अशा किती आया धावत आल्या... आरशात दिसल्या की माझा पाय आपोआप ब्रेकवर. आणि आता आणले हे रोपवेचे डबे. दोराला टांगलेले, काचेचे, आठ-आठ माणसांचे. दिसायला झकास, मी कुठे नाही म्हणतो? पण थांबतच नाहीत हो! स्टेशनात येतात, जरा रेंगाळतात, दार उघडतं, आणि चालत्या डब्यात चढायचं. चालत्या बसमध्ये कुणी चढलं तर त्याला मी असा झापायचो की पुन्हा बसचं नाव काढायचा नाही, आणि इथे तोच नियम!

मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. वय किती, तर माझ्या धाकटीएवढं. "काका, महिनाअखेर बस बंद. तुम्ही आता स्टेशनात उभं राहायचं आणि लोकांना डब्यात चढवायचं. हसतमुखाने." म्हटलं, साहेब, हसतमुखाने मी माझ्या लग्नातसुद्धा उभा नव्हतो. आणि जी गाडी माणसासाठी थांबत नाही, तिच्यात मी पाऊल ठेवणार नाही, नोकरी गेली तरी बेहत्तर. "अहो काका, एकदा बसून तर बघा." नाही म्हणजे नाही!

घरी आलो तर बायको पर्स शोधतेय. "अहो, उद्या त्या डब्यांची पहिली फेरी आहे, तुमच्या लोकांच्या घरच्यांना फुकट. मी जाणारय. तुम्ही या, नाहीतर नका येऊ." चोवीस वर्षांत माझ्या बसमध्ये एकदा बसली नाही ही, मळमळतं म्हणून, आणि दोराला लोंबकळायला एका पायावर तयार! गेलो मग. का? तर हिला त्या चालत्या डब्यात चढवणार कोण? ती चढली टुणकन. साहेबही चढले. राहिलो मी. डबा पुढे, मी मागे, आणि ही आतून हात काढून, "अहो, धावा ना!" चोवीस वर्षं लोक माझ्या गाडीमागे धावले हो... त्या दिवशी मी धावलो.

दार लागलं, निघालो, झाडं खाली गेली, आणि अर्ध्या वाटेत... कचकन थांबला! चिटपाखरू नाही आजूबाजूला, आणि हा थांबला. म्हटलं, वा! इथे कोण चढणार आहे? साहेबांनी घाम पुसत फोन लावला. "घाबरू नका काका, यासाठी आपली योजना आहे. दोन्ही स्टेशनांत तीनशे माणसं खोळंबलीत, त्यांना न्यायला बस काढायची." मग फोनवर, "बस काढा! ...ड्रायव्हर कुठाय म्हणजे? बघा असेल तिथेच..." आणि हळूहळू मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी खिशातून बसची किल्ली काढली आणि त्यांच्यासमोर धरली. बायको जी हसत सुटली!

चाळीस मिनिटं लटकलो. दार बंद, त्यामुळे साहेब जाणार कुठे? चोवीस वर्षांचं सगळं ऐकवलं. म्हटलं, आता बोला, बस बंद करताय? "नाही काका." म्हटलं, मोठ्याने! "नाही, काका!"

जिंकलो की नाही? बस राहिली, मी राहिलो, लेखी हुकूम निघाला: डबे थांबले की बस निघेल, तोवर बसने आणि ड्रायव्हरने जागचं हलायचं नाही. झाले चार महिने. नऊ ते पाच स्टिअरिंग धरून, मान वर करून बसलोय. बायको दर रविवारी डब्यात बसून माझ्या डोक्यावरून हात हलवत जाते. आणि तुम्हाला सांगतो... मेले ते डबे थांबतच नाहीत हो.