हिंदुरावाची गळकी ओंजळ

ऐका. पन आधी त्यो कंदील जरा बारीक करा, डोळ्यांवर येतोय माझ्या. आन् मधी कुणी हसलात तर गोष्ट तिथंच थांबंल, सांगून ठेवतो.

आपलं तळं आज कसं हाय? तळाचे खडे दिसत्यात. पन त्या सालात, बाबांनो, म्हस पाण्यात शिरली की हिरवी होऊन भाईर यायची! मग गावानं मनावर घेतलं. गाळ काढला, ओढ्याच्या तोंडाशी कर्दळी लावल्या, गणपतीसाठी निराळा हौद बांधला. आन् आसरांच्या सात दगडांपुढं समद्यांनी तळ्याचं पाणी ओंजळीत धरून शपथ घेतली, आमच्या घरची घाण तळ्यात सोडणार न्हाई. आसरा म्हंजी पाण्यातल्या बाया. त्यांच्यापुढं खोटं बोलायची कुणाची छाती?

हिंदुरावाची झाली. तळ्याच्या कमिटीचा म्होरक्या त्योच! दहा म्हशींचा गोठा बांधाच्या वरच्या अंगाला, आन् गोठ्याचं शेणमूत जमिनीखालच्या पायपातनं थेट तळ्यात. पायपाचं तोंड घाणेरीच्या जाळीत, कुणाला दिसणार? शपथेच्या टायमाला त्यानं काय केलं, म्हाईत हाय? हळूच बोटं सैल सोडली. पाणी गळून गेलं, आन् मग बोलला. रिकाम्या हाताची शपथ लागत न्हाई म्हणं! काय म्हणायचं या माणसाला!

वर्सात तळं निवळलं. एक कोपरा तेवढा हिरवाच, नाक धरावं असा. लोक म्हणाले, अंजिराक्का परटिणीचा साबण. आता तरी खरं बोलावं का न्हाई? हिंदुराव भर सभेत उठला आन् म्हणाला, "आक्का, उद्यापास्नं घाटावर पाय ठिवायचा न्हाई." साठीची बाई. गाठोडं डोक्यावर घेऊन दीड कोसावरच्या नदीला जायला लागली. ती दारावरनं चालली की हिंदुराव आत सरायचा. लाज वाटायची त्याला, लई वाटायची. पन बोलला असता तर गाव तोंडावर थुकलं असतं.

आक्का घाटावरनं गेली, तरी कोपरा हिरवाच! मग ठरलं, उद्या सकाळी समद्यांनी मिळून बांध धुंडायचा. झालं! अंधार पडला तसा हिंदुराव घमेलंभर चिखल घेऊन निघाला. पायपाचं तोंड बुजवायला.

बांधावर एक बाई बसलेली. हिरवं लुगडं, केस मोकळे.

"दादा, तहान लागलीया. ओंजळभर पाणी द्या की."

"तळं म्होरंच हाय, पी की."

"तुमच्या हातचं पायजे."

हिंदुराव सटकला. चालला, चालला, आन् म्होरं तीच बाई! माघारी वळला. तीच बाई! घाणेरीची जाळी काय येईना. चवथ्या खेपंला बघतो तर सात जणी. सातींचे ओठ फुटलेले, जिभा कोरड्या!

"पाणी द्या, दादा."

घमेलं हातातनं पडलं. पाय आपसूक पाण्यात उतरले. ओंजळ भरली, तर आपल्याच गोठ्याचा वास! "आधी तुम्ही प्या," बाई म्हणाली. त्यानं बोटं सैल सोडली. पाणी गळंना! हात झटकले. पाणी पडंना! ओंजळ जड झाली, धोंड्यावानी जड. हात खाली, मान खाली. कंबर बुडाली, छाती बुडाली.

"प्या की, दादा. आमी तर रोज पितो."

पाणी व्हटाला लागलं तवा त्यो वरडला, "पायप माझा हाय! आक्काचा दोष न्हाई! माझा हाय!"

ओंजळ सुटली. आन् कुणीतरी दंड धरून त्याला काठावर वढला. बाया गायब. उभी कोण? अंजिराक्का. नदीवरनं यायला तिला रोजच अंधार व्हायचा. तिनं गाठोडं सोडलं, कोरडं धोतर काढलं आन् त्याचं तोंड पुसलं. धोतर त्याच्याच घरचं, तिनंच धुतलेलं. हिंदुराव ल्हान पोरावानी रडला. मान वर करून तिच्याकडं बघवंना त्याला.

"ऐकलं म्या," ती म्हणाली. "सकाळी गावालाबी ऐकव." आन् गेली.

सकाळी त्यानं चावडीम्होरं समदं सांगितलं आन् स्वताच्या हातानं पायप उखडला. शेणासाठी खड्डा घेतला. म्हैन्याभरात कोपरा निवळला. मग गाव अंजिराक्काच्या दारात गेलं, घाटावर चल म्हणून. तिनं समद्यांना च्या पाजला, पन आली न्हाई. मरंपातूर नदीलाच गेली.

तवा रातच्याला त्या बांधावरनं कुणी जायचं न्हाई. आन् पोटात कायबाय लपवून तर दिवसाबी न्हाई. मी जातो का कधी? लांबनं वळसा घालून येतो. आक्काला घाटावरनं उठवायला त्या सभेत ज्यांनी हात वर केले, त्यात माझाबी व्हता.