‘जा’ नाही, ‘या’

विमानतळाची ऐट मले सांगू नका, मोठ्या आईनं माही उतरवली आहे. मोठी आई म्हणजे माही काकू, हिवरखेडची. तिची पहिलीच विमानवारी, पण मी नागपूरले तिले रुबाबात नेहमीच्या प्रवाशांच्या रांगेत नेलं.

तपासलेली पिशवी देत जवान म्हणाला, "झालं मावशी, जा."

मोठी आई जागची हालेना. "निघत्या माणसाले जा म्हणतेत काय बाबू? या म्हणावं."

मागची रांग कुरकुरली. जवान आपल्याच भागातला, तिवशाकडचा निघाला. हसून म्हणे, "या मावशी."

मंग माही पाळी. लॅपटॉप बॅगेतच राहिला होता. बॅग पुन्हा मशीनीत गेली. जवान वैतागला, "नेहमीचे ना तुमी? जा आता."

पलीकडून मोठी आई म्हणे, "त्यालेबी या म्हण रे. त्याचंबी तिकीट परतीचंच आहे."