खाडीवरचे नऊ हंस

नको ताई, तिकडनं उतरू नका — तिथं मांडीभर चिखल आहे, कॅमेऱ्यासकट रुताल. आरे-वारेकडनं चालत आलात ना, मग दमला असाल, बसा इथं, या पालथ्या होडीवर. हंस आले तर समोरच्या कांदळवनावरून येतील, भरती अर्धी झाली की. येतीलच असं नाही हां — ते देशावरच्या धरणांवर राहणारे, आमच्या खाडीत एखाद्या साली वाट चुकल्यासारखे येतात. मला कसं ठाऊक? अहो, मी काढलाय ना फोटो! दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत. नऊ हंस, पाण्याला पंख टेकतील इतके खाली, डोक्यावरचे काळे पट्टेसुद्धा दिसतात.

कॅमेरा कुवैतहून आणलेला. बावीस वर्षं क्रेन चालवली तिथं. झरीन — माझी बायको — इथं एकटी. वर्षातून महिनाभर यायचो, तेवढाच आमचा संसार. फोनवर म्हणायची, कायमचे परत आलात ना, की नुसती बसून राहीन तुमच्याजवळ, कंटाळाल. आणि आलो, तर तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. खाटेवरून काय दिसणार — शेजाऱ्याची भिंत. मग मी खाडीवर यायचो, फोटो काढून तिला दाखवायचो. बगळे, खंड्या, कुरव. हसायची. हंस तेवढे मिळत नव्हते. त्या दिवशी तिनंच पाठवलं मला — जा म्हणाली, आज येतील.

मी त्या तिथं बसलेलो, फोनचा आवाज बंद करून — वाजला की पाखरं उठतात, तुम्हाला काय सांगायचं. तो खिशात थरथरायला लागला. थांबला. परत. माझी बहीण मासूमा होती तिच्याजवळ, तिचाच असणार — कळलं होतं ताई, मला कळलं होतं. आणि नेमके तेव्हाच ते वळले, नऊच्या नऊ, ऊन पंखांखालनं. म्हटलं, एवढे घेतो, मग बघतो. तीन-चार मिनिटं असतील. नाही — फोटोवर वेळ येते, मी बघितलीय — चौदा मिनिटं.

घरी आलो तर मासूमा दारात. मी आत गेलो आणि — काय केलं असेल मी? — कॅमेऱ्यावर फोटो लावला आणि झरीनच्या तोंडासमोर धरला. बघ, म्हटलं, आले बघ. मासूमानं माझा हात हळूच खाली केला.

जाताना झरीनला त्रास नाही झाला म्हणे. दोनदा विचारलं तिनं, आले का? लोकांना वाटतं, पाखरांचं विचारत होती. पाखरांचं नाही ताई. माझं.

आणि ती जा म्हणाली नव्हती. मी सगळ्यांना तसंच सांगतो. आज नका जाऊ, बसा जरा, म्हणाली. शर्टाची बाही धरली होती माझी. मी बोटं सोडवली — एकेक, हळूच, दुखू नयेत म्हणून — आणि म्हटलं, तासाभराचं काय एवढं? बावीस वर्षं वाट बघितलेल्या बाईला मी म्हटलं, तासाभराचं काय एवढं.

फोटो? नाही, तो नाही दाखवत मी कुणाला.

तुम्ही कशाला डोळे पुसताय? उठा. पाणी चढलं, पुढच्या वळणावर जागा चांगली आहे, तिथं जा. मला बसू द्या इथं. जा ना, ताई.