फक्त तीन मिनिटं, मिस्टर श्वेंकहाउझर

...आणि वर म्हणतात, "लोकांनी पुढं यावं, बोलावं!" कसं बोलावं? तीन मिनिटांत? तुम्हाला सांगतो, तीन मिनिटांत अंडं धड उकडत नाही, आणि मी म्हणे अख्ख्या स्केटिंग हॉलचा जीव वाचवायचा! आमच्या घरासमोरचा हॉल हो... चार वर्षं झाली बंद पडून, आता तो पाडून तिथं गाड्या धुवायचं दुकान काढणार. परवानगी द्यायची आमच्या गावच्या नियोजन समितीनं. म्हटलं, जाऊ, सांगू, माणसंच आहेत ना!

माणसं कसली! सहा जण ओळीनं उंचावर, सातवी खुर्ची रिकामी, खाली माईक, माईकपुढं तीन दिवे... हिरवा, पिवळा, लाल. पस्तीस वर्षं शाळेची बस चालवली मी, लाल दिव्याला थांबायचं मला कोणी शिकवायला नको, पण बोलताना? पहिल्या महिन्यात दोन तास एकाच्या कुंपणाची उंची चालली होती, सहा फूट की साडेसहा... मग माझा नंबर. अध्यक्ष प्रुइटबाई, चष्मा नाकाच्या टोकावर, "नाव, पत्ता, आडनावाचं स्पेलिंग." आता माझं आडनाव श्वेंकहाउझर! ते संपेपर्यंत पिवळा! मी आपला, "तर चौऱ्याहत्तर साली लोर्ना..." की लाल! "धन्यवाद, मिस्टर श्वेंकहाउझर. आपलं म्हणणं नोंदवलं." अहो बाई, म्हणणं कुठं? आडनाव नोंदवलंत!

दुसऱ्या महिन्यात रहदारीचा अहवालच आला नाही, विषय पुढं ढकलला. तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरात घड्याळ लावून तालीम करून गेलो... दोन मिनिटं पन्नास सेकंद, चोख! पण लोर्नाचं नाव आलं आणि आवाजच फुटेना. म्हणजे कसं, तेव्हा हॉलमध्ये शुक्रवारी शेवटचं गाणं फक्त जोड्यांसाठी असायचं, दिवे मंद, मेपलच्या लाकडाची ती गुळगुळीत जमीन... आणि मला स्केटिंग येत नव्हतं! कठडा धरून उभा. तर निळ्या स्वेटरमधली एक मुलगी येते आणि म्हणते, "सोड रे तो कठडा, मी आहे ना!" सोडला. गाणं तीन मिनिटांचं. संपलं तेव्हा लग्न ठरल्यातच जमा होतं... लोर्ना गेल्यापासून परत कठडा शोधतोय मी. हे सगळं सांगायचं होतं हो त्यांना. नुसता उभा राहिलो. लाल. "आपलं म्हणणं नोंदवलं."

कारकून टीना, माझ्याच बसमधून शाळेत गेलेली पोर, अजून पहिल्या नावानंच हाक मारते, मला दारात गाठून म्हणते, "मिस्टर डेल, समितीत एक जागा रिकामी आहे, कोणी अर्जच करत नाही. दर महिन्याला येताच, तर गादीच्या खुर्चीत तरी बसा!" माझं डोकंच चाललं... सदस्याला घड्याळ नाही! तो कुंपणावर तासभर बोलू शकतो! केला अर्ज. झाली नेमणूक. नावाची पाटी आली, टेबलाबाहेर जाणारी.

पुढच्याच सभेत हॉलचा विषय! पाणी प्यायलो, घसा खाकरला, म्हटलं, "लोर्ना..." तर नगरपालिकेचे वकील कानाशी, "आपलं घर हॉलपासून पाचशे फुटांच्या आत आहे. हितसंबंध येतो. बोलता येणार नाही, मत देता येणार नाही, खोलीतसुद्धा थांबता येणार नाही." हितसंबंध! अहो, चार महिने तोच तर सांगतोय ना मी!

गेलो बाहेर. दाराच्या काचेतून बघत उभा. आवाज काही येईना, फक्त सहा हात वर गेलेले दिसले. गेला हॉल. भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं... किती लागली असतील? तीन मिनिटं!

परत खुर्चीत येऊन बसलो. नव्या सदस्यानं दिव्यांचं बटण सांभाळायचं असतं, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. पुढचा विषय रस्ता रुंद करण्याचा. एक म्हातारी बाई माईकपाशी आल्या, नवऱ्यानं लावलेला अक्रोड तोडू नका म्हणायला. नाव, पत्ता, स्पेलिंग, मग खोकला, मग रुमाल... "तर माझा क्लाइड..." आणि लाल! बटण माझ्याच हातात. त्या माझ्याकडं बघून म्हणतात, "अहो, तीन मिनिटांत काय होतं?"

म्हटलं, "सगळं होतं हो, बाई... सगळं होतं. बसा."