हवेशीर खोली

गाडीच्या रांगेत एका शिलाईवालीच्या पुढे एक म्हातारा आणि त्याची लेक उभी होती. लेकीच्या पायाशी फुगलेली बॅग होती. गाडीची वाट बघताना दोघांचं बोलणं शिलाईवालीच्या कानावर पडत होतं.

"बाबा, मी चार दिवसांसाठी नाही आले. नवऱ्याचं घर सोडलंय मी."

"कळलं गं. पण तुला ठेवू कुठे? तुझ्या खोलीत कातडी आहेत."

"कसली कातडी?"

"मेंढ्यांची. मीठ लावून वाळवलेली, पार छतापर्यंत थप्प्या लागल्यात. भाव पडलाय, चढला की विकू."

"तोवर पडवीत ठेवा."

"पडवीत ऊन लागून तडकतात. स्वयंपाकघरात ओल धरतात. फार जपावं लागतं त्यांना."

"मग मी त्यांच्यातच झोपेन."

"वास सोसायचा नाही तुला."

"मी फोनवर रडले तेव्हा तर 'सोस' म्हणालात."

"ते वेगळं. संसारात थोडंफार चालायचंच."

"कसर नाही ना लागली कातड्यांना?"

"छे! रोज उलटीपालटी करतो. वारा लागावा म्हणून खिडकी सताड उघडी असते."

"खिडकी? तिला तर तुम्ही खिळे ठोकले होते."

"काढले की."

"मी इतकी वर्षं विनवत होते, तेव्हा नाही काढलेत."

"तेव्हा तू वयात आली होतीस."

गाडी आली. लेकीने बॅग उचलली आणि ती रांगेतून बाहेर पडली. शिलाईवालीने सरकून तिला वाट दिली.

"अगं, आईला काय सांगू मी?" म्हाताऱ्याने पायरीवरून विचारलं.

"सांगा, आलीच नाही म्हणून."